मदत हवी आहे: इलेक्ट्रॉनिक काटा वजन मोजतो की वस्तुमान?

नमस्कार मंडळी,

लेक दहावीला आहे. विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. काल जेवताना म्हणाली, "आई, वजन न्यूटनमध्ये असतं ना, मग वाण्याच्या काट्यावर किलो कसं?" बोलताना आपण वस्तुमानालाच वजन म्हणतो, हे सांगितलं. वस्तुमान कुठेही तेवढंच. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, १ किलोला साधारण ९.८ न्यूटन. इथवर ठीक.

मग सासऱ्यांच्या किराणा दुकानातली जुनी तागडी माळ्यावरून काढली. एका पारड्यात १ किलोचं लोखंडी वजन (त्या तुकड्यालाही आपण 'वजन'च म्हणतो!), दुसऱ्यात तांदूळ. चंद्रावर नेली तरी दांडी सरळच राहणार, कारण दोन्हीकडची ओढ सारखीच कमी होईल. हे दोघींना पटलं.

पण ओट्यावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला पारडं एकच. तो तुलना कशाशी करतो? चंद्रावर तेच तांदूळ किती दाखवेल? आणि तसल्याच काट्यावर सोनार सोनं मोजतो, ते कशाच्या भरवशावर? सोमवारी तिची चाचणी आहे. तिला चुकीचं काही शिकवायचं नाही, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १
ताई, काट्याला कळतं ते फक्त बल. आतला धातूचा तुकडा भाराने किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्टीचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून बल कळतं. पडद्यावरचे किलो हे पृथ्वीवरचा हिशोब धरून दाखवलेले. गुरुत्व त्वरण (किलोमागे किती न्यूटन ओढ) पृथ्वीवर ९.८, चंद्रावर १.६२, म्हणजे तुमचे किलोभर तांदूळ तिथे साधारण १६५ ग्रॅम दिसतील. स्प्रिंगच्या तानकाट्याचंही तेच.

प्रतिसाद २
चंद्रापर्यंत जायलाही नको. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. विषुववृत्तावर जुळवलेला काटा ध्रुवावर किलोमागे ५ ग्रॅम जास्त दाखवेल, १० ग्रॅम सोन्याला ५० मिलिग्रॅम. म्हणून अचूक काटा जिथे वापरायचा तिथेच, माहीत असलेलं प्रमाणित वजन ठेवून जुळवतात. तुमच्या तागडीचं दुसरं पारडं ते हेच, फक्त आधीच ठेवून उचलून घेतलेलं.

धागाकर्ती
दुसरं पारडं आधीच उचलून घेतलंय, हे ऐकून लेक ताडकन उठून बसली! खूप आभार दोघांचे. आता तिचा पुढचा प्रश्न: अंतराळस्थानकात सगळंच तरंगतं, तिथे तागडीही चालणार नाही. मग अंतराळवीराचं वस्तुमान कसं मोजतात?

प्रतिसाद १
छान विचारलंय तिने. स्प्रिंग लावलेल्या आसनाला धरून त्याला मागेपुढे झुलवतात. वस्तुमान जास्त तर झोका संथ. एका झोक्याला लागलेल्या वेळावरून वस्तुमान काढता येतं, गुरुत्वाची गरजच पडत नाही. घरी करून बघा: पट्टीचं एक टोक टेबलावर दाबून धरा, दुसऱ्या टोकाला आधी एक खोडरबर चिकटवा, मग तीन, आणि पट्टी आडवी झुलवून बघा.