शून्य रुपयांचं तिकीट: फुकट ते खरंच फुकट असतं का?

खिडकीची सीट

गेल्या आठवड्यात आई, बायको आणि मी कराडहून एसटीने चिपळूणला निघालो. आई ७८ वर्षांची. वाहकाने तिचं आधार कार्ड बघितलं, मशीनची बटणं दाबली आणि तिकीट हातात दिलं. रक्कम शून्य. बायकोचं अर्धं, माझं पूर्ण. एका घरची तीन माणसं, एकच बाक आणि तीन भाव. आईने चष्मा वर सरकवून तिकीट वाचलं, घडी घातली आणि बटव्यात ठेवलं.

पाटणला गाडी भरली. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "ज्यांना फुकट आहे त्यांनी थोडं उभं राहायला काय हरकत आहे? आम्ही पैसे मोजलेत." आणि आई खरोखर उठायला लागली हो. पुढच्या सीटचा दांडा धरून अर्धी उभी राहिली होती. मी तिला बसवलं, थोडी बाचाबाची झाली, वाहकाने मिटवलं. कोयनानगरला तिने चहा नको म्हटलं. घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

माणूस उद्धट होता, यात वाद नाही. पण घरी आल्यावर वाटलं, हिशेब काही त्याचा चुकलेला नाही. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. यातला फरक सरकार एसटीला देतं, म्हणजे तुम्ही-आम्ही देतो. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये तिकिटं १४.९५ टक्क्यांनी वाढली, ती पूर्ण तिकीटवाल्याला पूर्ण वाढली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि त्याला योजना म्हणायचं!

माझी सूचना: 'मोफत' हा शब्दच काढून टाका. शून्याच्या तिकिटावर खरं भाडं छापा आणि खाली एक ओळ टाका, 'ही रक्कम करदात्यांनी भरली आहे.' देणाऱ्यालाही कळेल, घेणाऱ्यालाही. मंडळींना काय वाटतं?

माजी वाहक

२९ वर्षं घंटी वाजवली, म्हणून बोलतो. ते शून्याचं तिकीट म्हातारीसाठी नसतंच मुळी, ते आमच्यासाठी असतं. ते फाडलं नाही तर एसटीला सरकारकडे पैसे मागता येत नाहीत. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. आजोबा म्हणायचे, "मला कशाला देतोस कागद, फुकटच तर आहे." मी म्हणायचो, "आजोबा, घ्या. तुमचे पैसे याच कागदावर येतात." म्हणजे तुमच्या मातोश्रींच्या सीटचे पैसे भरलेले होते, त्या गृहस्थाइतकेच. फक्त मागच्या दाराने.

आणि दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पूर्ण तिकिटातला प्रवासी कर सरकारच्या तिजोरीत जातो, १७.५ टक्के. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने सवलतीचं द्यायचं. कोण कुणाला फुकट नेतंय ते आधी ठरवा.

शिवाय गाडी जाणारच असते. ४४ सीटची गाडी ११ माणसं घेऊन घाट चढते तेव्हा डिझेल काही कमी लागत नाही. रिकाम्या सीटवर एक आजी बसली तर एसटीचं जास्तीचं काय गेलं?

हिशेबनीस

माजी वाहक, रिकाम्या सीटचा मुद्दा ११ माणसांच्या गाडीला ठीक. पण धाग्यातली गाडी तर पाटणलाच भरली होती. अर्धं तिकीट झाल्यापासून गर्दी वाढली हे कुठल्याही स्टँडवर उभं राहिलात तर दिसतं. गर्दी वाढली की जादा गाडी लागते, आणि जादा गाडीचं डिझेल कुणीतरी भरतंच.

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. फुकट असं काही नसतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गुत्तेवाले दारूबरोबर जेवण फुकट द्यायचे. जेवण भरपूर खारट असायचं, म्हणजे आणखी दारू जायची. आपल्याकडे तेच काम चकणा करतो. खारे शेंगदाणे कोणी प्रेमापोटी देत नाही.

अजून ताजं हवं तर सप्टेंबर २०१६ आठवा. जिओ आलं, मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. लोकांनी रांगा लावून सिम घेतली. पुढच्या दोन वर्षांत एअरसेल बुडाली, टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली, व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले तेव्हा जायला जागा कुठे उरली होती? सहा-सात महिन्यांच्या फुकटची वसुली अजून चालू आहे.

तिरकी रेघ

१) बीएसएनएल आहे की.
२) चकणा प्रेमापोटी देत नाहीत हे एवढ्या अधिकाराने सांगताय, मानलं.

पाटाचं पाणी

जुन्नर तालुक्यातून लिहितोय. आमची वीज एप्रिल २०२४ पासून फुकट, साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप. माझी मोटर पाचची. बिल शून्याचं. आता त्या शून्याचा हिशेब सांगतो.

थ्री फेज, म्हणजे मोटरला लागणारी वीज, कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की १२ वाजता उठायचं. कांद्याला पाणी द्यायचं तर दार धरायला, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायला, माणूस वाफ्यावरच लागतो, घरून बटण दाबून होत नाही. शेजारी ऊस, उसात बिबट्या. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजनं. आमचा पोरगा म्हणतो, बाबा, बिबट्याला आता सगळे अभंग पाठ झाले असतील. मागच्या हिवाळ्यात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. ती ट्रॅक्टरमध्ये घालून न्यायला-आणायला आम्ही सात जणांनी वर्गणी काढली. फुकटच्या विजेला वर्गणी!

पण खरी किंमत वेगळीच. बिल भरत होतो तेव्हा जाऊन टेबलावर हात आपटता यायचा. आता बोलायला गेलं की समोरचा म्हणतो, "फुकट मिळतंय ना, मग?" धर्माची गाय आणि दात का गं नाय. तुमच्या आई उठायला लागल्या ते मला लगेच कळलं. फुकट घेतलं की माणसाचा आवाज जातो.

आणि ही फुकटची वीज टिकते का, तेही बघितलंय. २००४ च्या निवडणुकीआधी अशीच शून्याची बिलं आली होती. निवडणूक झाली, सरकार तेच परत आलं, २००५ मध्ये फुकट गेलं. मला विचाराल तर पैसे घ्या, पण दिवसा वीज द्या.

हिशेबनीस

+१. आणि शेतीच्या विजेचा एक वाटा कारखाने-दुकानांच्या चढ्या दरात लपलेला असतो. पुन्हा तेच.

निळी गाडी

माझं नाव बघून काहींना कळलं असेल. मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्या गावातून शाळा नऊ किलोमीटर. सरकारच्या मानव विकास योजनेची निळी एसटी यायची, बारावीपर्यंतच्या मुलींना फुकट. ती गाडी नसती तर सातवीनंतर माझी शाळा सुटली असती. यात अंदाज काही नाही, माझ्या मोठ्या बहिणीची सुटलीच. तिच्या वेळी गाडी नव्हती.

आज मी नागपूरला नर्स आहे. दर महिन्याला पगारातून व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. आयकर वेगळा. म्हणजे कुणीतरी माझं तिकीट भरलं, आता मी कुणाचंतरी भरतेय. याला 'फुकट असं काही नसतं' म्हणून नाक मुरडायचं असेल तर मुरडा. आमच्याकडे याला उसनं फेडणं म्हणतात.

पण खिडकीची सीट, तुमची ती छापायची ओळ वाचून पोटात गोळा आला. तेरा वर्षांच्या मुलीच्या पासवर रोज 'ही रक्कम करदात्यांनी भरली आहे'? वर्गातल्या मुलांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं असतं, रोज. तुमच्या आईंना एका माणसाने एकदा ऐकवलं. तुम्ही ते मशीनमधून छापून द्यायला निघालात.

खिडकीची सीट

@निळी गाडी, असा विचार केला नव्हता. पण मग देणाऱ्याला कळायचं कसं? व्यवसाय कराचे २०० रुपये कशासाठी कापतात हे माझ्या ऑफिसात एकालाही सांगता येणार नाही.

जुना पगारी

मी सांगतो, निवृत्त झालो तरी पाठ आहे. १९७५ चा कायदा. ७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्याआधीची, पण तिचं मोल सगळ्यांना तेव्हा कळलं. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा, तो शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून काढला. आमच्या युनियनमध्ये तेव्हा कुरकुर झाली होती, आम्ही का म्हणून? पुढे माझ्या सासुरवाडीला, माण तालुक्यात, रोजगार हमीतून पाझर तलाव झाला आणि मेहुण्याच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी राहायला लागलं. तेव्हापासून माझी कुरकुर बंद. तलावावर 'करदात्यांनी बांधला' अशी पाटी नव्हती. आम्हाला माहीत होतं, बास.

मात्र एक, ते काम फुकट नव्हतं. उन्हात मातीची पाटी उचलावी लागायची. म्हणून तिथल्या माणसाची मान खाली नसायची. पाटाचं पाणी म्हणतात त्यात तथ्य आहे.

दुपारचा चहा

सगळं सरकारीच चाललंय. मॉलमध्ये कूपन भरलं, चार दिवसांनी फोन, "अभिनंदन, तीन दिवसांची सहल फुकट, जोडीने या." गेलो. गार हवेत तीन तास बसवून साडेतीन लाखांचं सभासदत्व गळ्यात मारायचा प्रयत्न. शेवटी ह्यांनी चक्कर आल्याचं सोंग केलं, तेव्हा सुटलो. भेट म्हणून डबा मिळाला, झाकण लागत नाही.

रांजण

सगळ्यांचं वाचून एक सांगावंसं वाटतं. 'किंमत आहे, म्हणजे फुकट नाही' हे गणितच मला पटत नाही. किंमत तर श्वासालाही असते. प्रश्न असा की ती वसूल करतंय का कोणी. चकणेवाला करतो. सहलवाला करतो. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी मार्च ते जून एक पाणपोई असते. दोन रांजण, ओलं गोणपाट, साखळीला बांधलेला ग्लास. समोरच्या इमारतीतल्या एक बाई सकाळी सहाला येऊन रांजण आतून काथ्याने घासतात आणि भरतात. पाठीचा त्रास आहे, तरी घासतात. किंमत आहेच की, त्यांच्या पाठीने दिलेली. पण रिक्षावाला पाणी पिऊन निघून जातो, त्याच्याकडे कुणी काही मागत नाही. त्याच्यापुरतं ते फुकटच, शंभर टक्के.

हिशेबनीस

रांजणावर नाव असेलच ना? 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ'? झाली की वसुली. पुण्य म्हणा, प्रसिद्धी म्हणा.

रांजण

नाव होतं. यजमानांचं. दोन वर्षांपूर्वी जुना रांजण फुटला, नवा आणला, त्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तहानलेल्या माणसाने वाचत कशाला बसायचं?" आता बोला.

हिशेबनीस

बाई अपवाद आहेत. नियम चकण्याचाच.

तिरकी रेघ

परत चकणा.

माजी वाहक

वाद घाला, पण व्यवहाराचं बोला. त्या गृहस्थाचं तोंड बंद करायला ओळ छापायची गरज नाही. मी सरळ सांगायचो, "साहेब, सीट तिकिटाला असते, रकमेला नाही." कितीदा म्हटलं असेन, मोजदाद नाही. पाटणच्या गाडीतला वाहक काय म्हणाला?

खिडकीची सीट

तो म्हणाला, "काका, घाटात वळणं आहेत, नीट धरून उभे राहा." आता कळतंय, किती हुशार होता.

आज आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. मला वाटलं होतं निळी गाडी यांचंच तिला पटेल. ती म्हणाली, "छापा की भाडं. किती झालं ते मलाही कळू दे." मग बटव्यातून तिकिटांचा गठ्ठा काढला. वर्षभराची सगळी शून्याची, रबर लावून ठेवलेली. म्हणे, लिहिलेलं असतं तर बेरीज केली असती. करून काय करणार विचारलं, तर उत्तर नाही. त्या माणसाबद्दल एवढंच म्हणाली, "पोफळीला उतरला तो. पाय दुखत असतील त्याचे."

निळी गाडी

आजींना नमस्कार. त्यांच्या तिकिटावर भाडं छापा, त्यांनी मागितलंय. करदात्यांची ओळ नको. आणि मुलींच्या पासला हात लावू नका.

पाटाचं पाणी

आज रात्रीची पाळी आहे, निघतो. बाकीचं उद्या वाचतो.