मास्क, मास्करेड आणि आपलं सोंग

प्रश्न: सतराव्या शतकातल्या इंग्लंडवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'मास्क' नावाचा दरबारी करमणुकीचा प्रकार वारंवार येतो. इंग्रजीत त्याची अक्षरं वेगळी आहेत, पण देवनागरीत लिहिलं की तोंडाला लावायचा मास्कच डोळ्यांपुढे येतो. 'मुखवटानृत्य' चालेल का? आणि मास्करेडला, म्हणजे मुखवटे घालून होणाऱ्या नाचाच्या मेळाव्यालाही तेच म्हणावं का?

उत्तर: मुखवटानृत्य नको, कारण या खेळात मुखवटा असेलच असं नाही. ६ जानेवारी १६०५ ला लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात 'मास्क ऑफ ब्लॅकनेस' झाला. संहिता नाटककार बेन जॉन्सनची, नेपथ्य आणि पोशाख वास्तुरचनाकार इनिगो जोन्सचे. पहिल्या जेम्सची राणी अ‍ॅन आणि तिच्या अकरा सख्या नायजर नदीच्या मुली होऊन एका भल्यामोठ्या शिंपल्यात बसून आल्या. मुखवटा एकीच्याही तोंडावर नव्हता. चेहरे आणि कोपरापर्यंतचे हात काळ्या रंगाने माखले होते. राणीला तेव्हा सहावा महिना होता. स्पेनच्या राजदूताने तिला नाचायला नेलं आणि तिच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याच्या ओठांना रंग लागायची धास्ती होती, असं डडली कार्लटन या इंग्रज मुत्सद्द्याने पत्रात लिहून ठेवलं आहे.

राजदूताला पक्कं ठाऊक होतं की रंगामागे राणी आहे. मास्कची सगळी गोडी त्यातच आहे. बोलायची आणि गायची कामं पगारी कलावंतांची. राजघराण्यातली माणसं नुसती प्रकट व्हायची, नाचायची आणि शेवटी खाली उतरून प्रेक्षकांनाही नाचात ओढायची. म्हणून मी 'दरबारी सोंग' म्हणेन.

शंका: सोंग म्हटलं की ढोंग आठवतं. झोपेचं सोंग, आजाराचं सोंग. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' ही म्हण तर घरोघरी. राजाराणीच्या सोहळ्याला हा शब्द हलका नाही का वाटणार?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे, पण क्रियापद बदलून बघा. सोंग 'करणारा' ढोंगी असतो. सोंग 'नाचवणारा' मानकरी असतो. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे जड मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. आत कोण आहे हे गावाला माहीत असतं आणि तरी समोर देव आला म्हणून हात जोडले जातात. व्हाइटहॉल आणि मोखाडा यांची तुलना ओढूनताणून करू नये हे मान्य, पण ओळखीचं माणूस डोळ्यांदेखत मोठं होऊन येतं ही भावना आपल्या 'सोंग' या शब्दात आधीपासून आहे. ती 'मुखवटानृत्या'त नाही.

मास्करेडची गोष्ट नेमकी उलटी. तिथे ओळख लपवायची असते. व्हेनिसमधल्या बाउता या मुखवट्याचा हनुवटीकडचा भाग पुढे आलेला असे, त्यामुळे तो न काढता खाता-पिता येई. बायकांचा मोरेत्ता म्हणजे काळ्या मखमलीची गोल चकती. तिला दोरी नसे, आतल्या बाजूला लावलेलं बटण दातांत धरायचं. बोलायला तोंड उघडलं की मुखवटा गळालाच! इथे 'मुखवटा-नाच' हा शब्द अगदी चपखल बसतो.

आणि लपण्याचा डाव जिवावरही बेततो. १६ मार्च १७९२ ला स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात अशाच नाचात स्वीडनच्या तिसऱ्या गुस्तावला पाठीमागून गोळी घातली. त्याने मुखवटा लावला होता, पण छातीवरच्या राजचिन्हाने तो ओळखू आला. मारेकऱ्यांना त्यांच्या मुखवट्यांनी गर्दीत लपवलं. तेरा दिवसांनी राजा गेला. या प्रसंगाला कुणी 'दरबारी सोंग' म्हणणार नाही.

नुसत्या फॅन्सी ड्रेस पार्टीला 'वेशांतराची मेजवानी' पुरे.

जाता जाता व्युत्पत्ती. इटालियन 'मास्केरा' कुठून आला याबद्दल दोन मतं आहेत. एक, मध्ययुगीन लॅटिनमधला 'मास्का', म्हणजे चेटकीण किंवा भूत. दुसरं, अरबी 'मस्खरा', म्हणजे विदूषक, हसण्याचा विषय. आपली 'मस्करी' त्याच अरबी शब्दातून फारसीच्या वाटेने आली. दुसरं मत खरं असेल तर मास्क आणि मस्करी एकाच घरातले ठरतात, आणि मला ते फार आवडतं.

प्रश्न: 'दरबारी सोंग' घेते. पण मग अँटिमास्कचं, म्हणजे मास्कच्या आधी होणाऱ्या विचित्र नाचाचं, काय करू? 'पूर्वसोंग'?

उत्तर: 'उलटसोंग' करा. १६०९ च्या 'मास्क ऑफ क्वीन्स'मध्ये आधी चेटकिणी येऊन वेडावाकडा धुमाकूळ घालतात. मग मोठा नाद होतो, त्या नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी कीर्तिमंदिरात बसलेल्या राण्या दिसतात. चेटकिणींचा नाच आधी येतो हे खरं, पण राण्यांच्या नाचात जे जे असतं त्याच्या तो प्रत्येक बाबतीत उलटा असतो. 'पूर्व' म्हटलं तर नेमकं तेच निसटेल.