'प्रति सर्व्हिंग' आकडे कायद्यानेच बंद करावेत का?

मापाडी:
पाकिटावरचे पोषणाचे आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागेच द्यायची सक्ती हवी. 'प्रति सर्व्हिंग'चा, म्हणजे एका वेळी खायच्या मापामागचा, रकाना हवाच कशाला? अमेरिकेतला नियम बघा: एका सर्व्हिंगमध्ये ट्रान्स फॅट (हृदयाला घातक चरबी) अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर लेबलवर ० छापतात. समजा आत ०.४५ ग्रॅम आहे. पाच सर्व्हिंग पोटात गेल्या की झाले २.२५ ग्रॅम. २००० कॅलरींच्या आहाराला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा साधारण २.२ ग्रॅम. दिवसाचा कोटा संपला आणि कागदोपत्री खाल्लं शून्य!

दीडशहाणा:
उदाहरण शिळं आहे. कारखान्यातल्या ट्रान्स फॅटचं मूळ म्हणजे अंशतः हायड्रोजनीकृत तेल, म्हणजे हायड्रोजन मिसळून घट्टसर केलेलं तेल. ते 'सुरक्षित' धरणं अमेरिकेने २०१५ मध्येच थांबवलं. प्रश्न सोडवला तो बंदीने, लेबलने नव्हे.

शिवाय १०० ग्रॅमचा आग्रह धरलात तर उलटाच घोळ होतो. समजा एका सॉसमध्ये १०० ग्रॅममागे ५ ग्रॅम मीठ आहे. वाचणारा दचकतो, पण घेतो चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम. मीठ गेलं ०.७५ ग्रॅम. शेजारच्या सूपवर १०० मिलिलिटरमागे फक्त ०.८ ग्रॅम, म्हणून ते बिचारं सोज्वळ दिसतं. ३०० मिलिलिटरचा वाडगा प्या, २.४ ग्रॅम! दिवसभराच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेपैकी जवळजवळ निम्मं.

मापाडी:
बंदी २०१५ची, पण ट्रान्स फॅट छापायची सक्ती २००६ पासूनची. छापावं लागणार म्हटल्यावर कित्येकांनी आधीच तेल बदललं, हे विसरू नका. सूपचा मुद्दा मात्र बिनतोड. बरं, दोन्ही रकाने ठेवा, पण सर्व्हिंगचं माप उत्पादकाच्या मर्जीवर नको.

भिंगवाला:
आकड्यांवर भांडताय, खरी हातचलाखी घटकांच्या यादीत आहे. यादी उतरत्या वजनाने लिहायची असते. आता १०० ग्रॅम मालात पीठ ३० ग्रॅम, साखर १८, ग्लुकोज सिरप ९, इन्व्हर्ट सिरप ७ असं धरा. गोडाची बेरीज ३४, म्हणजे पिठापेक्षा जास्त. तरी यादीत पहिलं नाव पिठाचंच, कारण साखरेचे तीन तुकडे केलेत. कॅनडाने यावर सोपा उपाय काढला: सगळ्या साखरा एका कंसात, क्रम एकत्रित वजनावर. इतरांनी हे का उचललं नाही, कळत नाही.

दीडशहाणा:
कंस चांगला, पण यादी वाचतं कोण?

मापाडी:
म्हणूनच दर्शनी बाजूला इशारा हवा. चिलीने २०१६ मध्ये मर्यादा ओलांडणाऱ्या पाकिटांवर काळे अष्टकोन आणले. घन पदार्थांत साखरेची मर्यादा १०० ग्रॅममागे २२.५ ग्रॅमवरून टप्प्याटप्प्याने २०१९ मध्ये १० ग्रॅमवर आणली.

दीडशहाणा:
तिथेच तर गोम आहे. ३५ ग्रॅमवरून १२ वर आणणाऱ्यालाही तोच काळा शिक्का, काहीच न करणाऱ्यालाही तोच. फ्रान्सच्या न्यूट्री-स्कोअरसारखी ए ते ई श्रेणी असेल तर निदान सुधारणा दिसते. आणि रेषेखाली जायला साखर काढून कृत्रिम गोडवा घातला की झालं. मेक्सिकोला २०२० मध्ये त्यासाठी वेगळी सूचना छापायला लावावी लागली.

तराजूकाटा:
रेषा मारताना मोजणीतली सूटही धरा. युरोपीय संघाच्या मार्गदर्शनानुसार साखर १०० ग्रॅममागे १० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर छापील आकडा २ ग्रॅम इकडेतिकडे चालतो. ९.५ छापलंय, तपासणीत ११.३ निघालं, तरी लेबल चुकीचं ठरत नाही.

भिंगवाला:
आणि तो ९.५ तिथल्या नियमाने बारीक अक्षराची १.२ मिलिमीटर उंची राखून छापला की झालं. पाकीट अगदी छोटं असेल तर ०.९. माझं नाव उगाच भिंगवाला नाही.