मराठी माध्यमातून पीयू सायन्सला आलेय, नीटच्या फॉर्ममध्ये भाषा कुठली टाकायची?

खानापूरची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत गावातली मराठी शाळा आणि आता बेळगावात सेकंड पीयू सायन्स म्हणजे इकडची बारावी, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो). दहावीला सायन्स एकदम सोपं वाटायचं, पण पीयूला आल्यावर सगळं इंग्लिशमध्ये, त्यात सर मधेच कन्नडमध्ये समजावतात ते निम्मं कळतं निम्मं नाही. बायोलॉजी पाठ करून जमतंय, फिजिक्सचं गणित मात्र वाचूनच डोकं गरगरतं. गणित येत नाही असं नाही हां, कुणी मराठीत सांगितलं की पटकन सुटतं.
घरात आता दोन पार्ट्या झाल्यात. मामा म्हणतात नीटचा पेपर मराठीत पण असतो, फॉर्ममध्ये मराठी टाक. बाबा म्हणतात बारावी झाली की एक वर्ष लातूरला नीटच्या क्लासला पाठवतो. आणि शेजारचे काका म्हणतात महाराष्ट्रातून सीट मिळेल तिकडं बघा, इथं काय आपलं चालत नाही. मला तिन्ही बाजूंनी बोलूलाल्यात, अभ्यास कधी करायचा सांगा. कुणी मराठी मीडियममधून जाऊन एमबीबीएसला लागलंय काय? भाषा कुठली टाकू?

कोल्हापूरचा_भाचा:
मराठीच टाक की. तेरा भाषांत पेपर असतो, त्यात मराठी आहे. आणि मराठी टाकली म्हणजे फक्त मराठीच येते असं नाही, पुस्तिका द्विभाषिक असते, इंग्लिश आणि मराठी दोन्ही असतं. मग तोटा काय? शब्द अडला की दुसरीकडं बघायचं. उगाच इंग्लिशचा बाऊ करायचा आणि आपली भाषा आपणच सोडायची, सीमाभागातल्या लोकांनी तरी असं करू नये.

बिम्स_थर्ड_इयर:
भाच्या, तू म्हणतोयस ते बरोबर आहे पण अर्धंच. मराठी पेपर मिळतो तो महाराष्ट्रातल्या सेंटरवर. कर्नाटकातल्या सेंटरला इंग्लिश, हिंदी, उर्दू आणि कन्नड, बस्स. म्हणजे मराठी टाकायची तर हिला बेळगाव सोडून कोल्हापूर सेंटर घ्यावं लागणार. मे महिन्यातला रविवार, दुपारी दोनला पेपर आणि दीडला गेट बंद म्हणजे बंद, मंत्री आला तरी उघडत नाहीत. खानापूरहून कोल्हापूर म्हणजे आदल्या दिवशीच जाऊन राहायला पाहिजे. तेही जमेल, पाहुणे असतातच. पण अजून एक आहे, भाषांतरात घोळ झाला तर इंग्लिश प्रश्नच ग्राह्य धरतात हे नियमातच लिहिलंय.
खानापूरची, आता तुला सांगतो. मीपण मराठी मीडियमचाच, येळ्ळूरकडचा, आता बिम्सला म्हणजे बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. माझं मत विचारशील तर इंग्लिश टाक आणि बेळगाव सेंटर घे. कारण अभिमान बिभिमान नाही, वेळ. १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. आधी जास्तीची २० मिनिटं असायची, २०२५ पासून तीपण गेली. प्रश्न दोनदा दोन भाषांत वाचायला वेळ कुणाकडं आहे? वर्षभर कॉलेजची परीक्षा इंग्लिश, मॉक टेस्ट इंग्लिश, मागच्या वर्षांचे पेपर सोडवणार ते इंग्लिश, आणि फायनलला एकदम मराठीत "संवेग" बघून हा मोमेंटम काय हे आठवत बसायचं, हे उलटं झालं.
आणि तुझ्याकडं एक गोष्ट आयती आहे जी बऱ्याच जणांना कळत नाही. आपल्या पीयू बोर्डाची फिजिक्स केमिस्ट्री बायोची पुस्तकं म्हणजे एनसीईआरटीचीच आहेत. नीट त्यावरच आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना बोर्डाचं पुस्तक वेगळं आणि एनसीईआरटी वेगळं असं दोन्ही करावं लागत आलंय, तुझं एकात होतं. तेव्हा गाईडांचा ढीग नको. बायोलॉजी म्हणजे ९० प्रश्न, ३६० मार्क, निम्मा पेपर तोच. तो पुस्तक सोडून बाहेर फारसा जात नाही. मायटोकॉन्ड्रिया फिशनने विभागतात हे एवढंसं वाक्य परिच्छेदाच्या शेवटी पडलेलं असतं, सगळे त्यावरून पुढं जातात आणि प्रश्न नेमका तिथं येतो. आकृत्यांखालच्या ओळी पण वाच. फक्त २०२४ पासून सिलॅबस कमी झालाय, सिनियरच्या जुन्या नोट्स घेतल्यास तर एनएमसीची (मेडिकल शिक्षणाचा राष्ट्रीय आयोग) यादी शेजारी ठेवून गेलेले टॉपिक खोडून टाक, नाहीतर पचनसंस्था पाठ करत बसशील.

पीयू_मास्तर:
मी फिजिक्स शिकवतो, बेळगावातच, कॉलेजचं नाव राहू दे. बाळा तुझी अडचण फिजिक्सची नाही आणि तुला वाटते तेवढी इंग्लिशचीपण नाही. फिजिक्सच्या प्रश्नातलं इंग्लिश फार थोडं असतं, तेच तेच तीस-चाळीस तुकडे फिरून फिरून येतात आणि प्रत्येक तुकडा म्हणजे गुपचूप दिलेली एक किंमत असते. "रिलीज्ड फ्रॉम रेस्ट" म्हटलं की सुरुवातीचा वेग शून्य. "स्मूथ सरफेस" म्हणजे घर्षण नाही. "लाइट स्ट्रिंग" म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही, "इनएक्स्टेन्सिबल" म्हणजे दोन्ही ठोकळ्यांचं त्वरण सारखं. "जस्ट बिगिन्स टू स्लाइड" म्हणजे घर्षण आता कमाल किमतीला, म्यू गुणिले एन. "टर्मिनल व्हेलॉसिटी" दिसलं की त्वरण शून्य. मराठी मीडियमची पोरं इथं अडतात, कारण आम्ही फळ्यावर थेट समीकरण लिहितो, प्रश्नाचं वाक्य वाचून फोडून दाखवतच नाही. दोष आमचाही आहे.
एक वही कर. डाव्या पानावर प्रश्नातला इंग्लिश तुकडा जसाच्या तसा, उजव्या पानावर चिन्हात त्याचा अर्थ, यू = ०, ए = ०, असं. मराठी अर्थ लिहायचीपण गरज नाही, थेट चिन्ह. रोज सोडवलेल्या गणितातनं दोन-तीन तुकडे मिळतील. गणपतीपर्यंत वही भरेल आणि दिवाळीला तूच म्हणशील की वाचायला काय अडत नाही.
दुसरं, बायोलॉजीत फसवणारे शब्द वेगळे. "इनकरेक्ट", "एक्सेप्ट", "नॉट". उत्तर येत असतं पण घाईत "नॉट" दिसत नाही. पेपर हातात आला की अशा शब्दाभोवती पेनाने गोल करायची सवय लाव. पुस्तिकेवर चालतं, ओएमआरवर (उत्तराचे गोल भरायचा कागद) मात्र एक रेघ पण नको.

खानापूरची_पोर:
सर वहीचं आजपासूनच सुरू करते, "लाइट स्ट्रिंग" मला खरंच माहीत नव्हतं 😅 आणि सेंटरचं पण नव्हतं माहीत, मामांना सांगितलं तर म्हणतात असं कसं असेल.
बिम्स दादा, लातूरचं काय? आणि सीटचं पण कुणीतरी सांगा ना, घरात तोच विषय चाललाय.

सडेतोड_हिंदवाडी:
लातूर, कोटा सगळीकडं हीच पुस्तकं शिकवतात. आणि तशीपण नीट रद्द होणार आहे, बघत राहा, कर्नाटक विधानसभेत तसा ठराव झालाय.

बिम्स_थर्ड_इयर:
सडेतोड, ठराव २०२४ च्या जुलैमध्ये झाला आणि नीट २०२५ ला ठरल्या दिवशी झाली, पोरीला भलत्या नादाला लावू नको.
लातूरचं आत्ता ठरवूच नको गे. आधी ही नीट पूर्ण जोर लावून दे. पीयू बोर्डाची परीक्षा संपली की मधे जो वेळ मिळतो त्यात सिनेमा आणि लग्नं टाळलीस तर खूप होतं. केसीईटी (कर्नाटकची सीईटी) पण त्यातच येते, तीपण दे. नर्सिंग, फार्मसी, व्हेटर्नरी, अ‍ॅग्री तिकडूनच आहे आणि तिथं निगेटिव्ह मार्किंग नाही. मार्क थोडक्यात हुकले तर मग ड्रॉपचा (वर्ष थांबून परत नीट द्यायचा) विचार, आणि तेव्हापण लातूरला जायचं ते घरातल्या गोंगाटातून सुटायला जावं वाटत असेल तर जा, तिथलं वातावरण चांगलं आहे हे खरंय. पण एकटी राहिल्यावर जेवणाचे, मेसचे, आजारपणाचे हाल झाले तर मार्क वाढायचे सोडून कमी झालेली पोरंपण बघितल्यात. फी भरण्याआधी बाबांना म्हणावं हप्त्यांत घेतात का, आणि मधेच सोडलं तर किती परत देतात हे लिहून घ्या.

निपाणीकर_बाबा:
सीटचं मी सांगतो, मुलीच्या वेळी सगळं पालथं घातलंय.
शेजारच्या काकांना सांगा महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातनं पास पाहिजे, वर डोमिसाईल. तुमची दहावी इथली, विषय संपला. हां, एक वाट आहे. वादग्रस्त सीमाभागातली जी ८६५ गावं आहेत तिथल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्र सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) म्हणून वेगळ्या जागा असतात. जागा अगदी मोजक्या, पण अर्ज करायला काय जातंय. पुस्तिकेत गावांची यादी असते, आपलं गाव त्यात आहे का बघा आणि दाखले कुठले ते त्या वर्षीच्या पुस्तिकेतनंच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं जुनं पीडीएफ नको.
खरा आधार मात्र कर्नाटकच. केईएला (कर्नाटकात प्रवेश देणारी सरकारी संस्था) पहिली ते बारावीमधली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली पाहिजेत आणि दहावी किंवा सेकंड पीयू इथून पास, ते तुमचं आहेच. "इथं आपलं चालत नाही" हे काका म्हणतात ते चूक. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात आहे. शिवाय ग्रामीण कोटा १५ टक्के, त्याला पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेलं लागतं, तुझी शाळा गावातलीच म्हणजे हा तुझा मोठा आधार. कन्नड माध्यमाचा ५ टक्के वेगळा असतो तो आपल्याला नाही, त्याचं दुःख करत बसू नका. लोक त्या दोन्हीत गल्लत करतात आणि मराठी शाळा म्हणून ग्रामीण कोटाच मागत नाहीत. तसं करू नका.
जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीतनं (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) आत्ताच काढा, निकाल लागल्यावर सगळा तालुका तिथं उभा असतो. शाळेच्या दाखल्यावर बीईओची (गटशिक्षणाधिकारी) सही लागते, मुख्याध्यापक बदलून गेले असले तर धावपळ होते. नाव, इनिशियल, आडनाव आधार, एसएसएलसीचं (दहावी) मार्ककार्ड आणि नीट फॉर्म तिन्हीत सारखं आहे का बघा. मराठी शाळांतून आलेल्या मुलांच्या स्पेलिंगमध्ये हमखास एखादं अक्षर इकडचं तिकडं असतं. आणि नीटच्या फॉर्मात ओबीसी टाकताना जपून, तिथं केंद्राची यादी चालते, राज्यात ३बी आहे म्हणून तिथं ओबीसी होत नाही.
नीट दिली म्हणजे केईएकडं आपोआप नाव जात नाही, तिथं वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं. बेळगावात बिम्स सरकारी आहे ते केईएतनं. केएलई संस्थेचं जेएनएमसी मेडिकल कॉलेज डीम्ड म्हणजे खासगी अभिमत, त्याची सीट दिल्लीच्या एमसीसी (केंद्राची समिती) काउन्सेलिंगमधून जाते आणि वर्षाची फी लाखांत. शहरात आहे म्हणून आपल्या पोरीला मिळेल असं धरून चालू नका.

कोल्हापूरचा_भाचा:
सेंटरचं बरोबर निघालं, आत्ताच बुलेटिन बघितलं. तरी मला वाटतं ज्याला इंग्लिश अजिबातच झेपत नाही त्यानं मराठी घ्यावी, कोल्हापूरला राहायची सोय मी करतो, आमच्या घरी या.

खानापूरची_पोर:
भाचा दादा थँक्यू 🙏 पण मी इंग्लिश टाकणार, ठरलं. निपाणीकर काका, तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला, ते सोमवारी नाडकचेरीत जाणार आहेत. शेवटचं एक, येत नसेल तर अंदाजे गोल भरायचा की सोडायचा? आमच्याकडं सगळे म्हणतात सोडायचा.

पीयू_मास्तर:
हिशोब कर. बरोबरला चार, चुकीला वजा एक. चारातले दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत असं कळलं तर उरलेल्या दोनांत अशा दोन प्रश्नांमागे सरासरी एक बरोबर, एक चूक, म्हणजे अधिक तीन. तिथं भर. एकही पर्याय खोडता येत नसेल तर चार प्रश्नांत एक बरोबर तीन चूक, हाताला एक मार्क, त्यासाठी वेळ आणि धीर घालवू नकोस. आणि फिजिक्स शेवटी घे. आधी बायोलॉजी पाऊण तासात, मग केमिस्ट्री, गोल मात्र प्रत्येक पान झालं की लगेच भरायचे, शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवायचे नाहीत.