‘लाँगस्वोर्ड’साठी मराठी शब्द

प्रश्न : उत्तर-मध्ययुगीन युरोपातील ‘लाँगस्वोर्ड’ला मराठीत ‘लांब तलवार’ म्हणावे का? आणि ऐतिहासिक लढायांच्या पुनराभिनयासाठी किंवा सरावासाठी आज जी घडवली जाते, ती ‘प्रतिकृती’ की ‘नकली तलवार’?

उत्तर : ‘लांब तलवार’ हा शब्द सरळ वाटला, तरी त्यातून मूळ अर्थ निसटतो. जुन्या जर्मन शस्त्रविद्येच्या ग्रंथांत ‘लांगेस श्वेर्ट’ म्हणजे मुख्यतः दोन्ही हातांनी मूठ धरून तलवार चालवण्याची रीत. तीच तलवार एक हात पात्यावर ठेवून वापरली, की तिला ‘कुर्त्सेस श्वेर्ट’, म्हणजे आखूड तलवार, म्हणत. इटलीचा शस्त्रगुरू फिओरे दे लिबेरी पंधराव्या शतकाच्या आरंभी तिला सरळ ‘दोन हातांची तलवार’ म्हणतो. म्हणून ‘दुहाती तलवार’ अधिक जवळचा.

दुसरे उत्तर : ‘दुहाती’ म्हटले की सोळाव्या शतकातील जर्मन भाडोत्री सैनिकांच्या जवळजवळ पुरुषभर उंचीच्या तलवारी डोळ्यांपुढे येतात. लाँगस्वोर्ड साधारण १०० ते १३० सेंटिमीटर लांब आणि बहुधा दीड किलोच्या आसपास वजनाची. आपली ‘धोप’ही सरळ आणि लांब, पण तिची मूठ एका हाताची; ‘फिरंग’ तर युरोपीय धाटणीच्या पात्याला देशी मूठ बसवलेली. तेव्हा ‘लाँगस्वोर्ड’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात खुलासा करावा, हे बरे. मूठ, परज (मुठीपुढचा, हात वाचवणारा आडवा भाग), पाते हे शब्द मात्र निःशंक वापरावेत.

‘नकली’ नकोच, कारण त्यात फसवणुकीचा वास येतो आणि ही पाती तर खऱ्या, पाणी दिलेल्या पोलादाची असतात. ‘प्रतिकृती’ पुनराभिनयाच्या तलवारीला शोभते, कारण तिथे मूळ घाट जपलेला दिसणे महत्त्वाचे असते. सरावाच्या ‘फेडर’ची गोष्ट वेगळी : भोसकताना पाते वाकावे म्हणून ते लवचीक व अरुंद ठेवतात, टोक गोलसर किंवा वळवलेले असते, आणि परजेपुढे ते रुंद होते. अशा तलवारी जर्मन शस्त्रगुरू योआखिम मायरच्या १५७० च्या ग्रंथातील चित्रांतही दिसतात. म्हणजे त्या काळीही सरावाचे हत्यार निराळेच होते. तिला ‘सरावाची तलवार’ म्हणणे पुरेसे आहे. तिच्याशी चालणाऱ्या द्वंद्वाला मात्र ‘लुटुपुटूची लढाई’ म्हणू नये. तिथे वार खरोखर लागावा म्हणूनच केला जातो.

आणखी एक : ‘बोथट’ म्हणजे बहुधा धार गेलेली. मुळातच धार न लावलेल्या पात्याला ‘बिनधारेचे’ म्हणावे.