शब्दचर्चा : ‘समादेशक’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : होमगार्ड नोंदणीच्या जाहिरातीखाली सही होती, ‘अपर पोलीस अधीक्षक तथा जिल्हा समादेशक, होमगार्ड’. हे समादेशक पोलीस खात्यातलेच का? आणि जाहिरातीत ‘सदस्य नोंदणी’ लिहिलंय, गावात मात्र सगळे ‘भरती’ म्हणतात. बरोबर काय?

उत्तर : ताई, समादेशक हा ‘कमांडंट’ला सरकारी मराठीने दिलेला शब्द. ज्याच्या आदेशावर दल हलतं तो. राज्य राखीव पोलीस बलाच्या गटाचा प्रमुखही समादेशकच असतो, त्यामुळे घोटाळा होतो.

होमगार्डची उतरंड अशी : राज्याच्या दलाला महासमादेशक, आणि ही खुर्ची ज्येष्ठ आयपीएस अधिकाऱ्याकडे. जिल्ह्याला जिल्हा समादेशक, तालुक्याच्या पथकाला समादेशक अधिकारी, त्याखाली पलटण नायक वगैरे. तुम्ही वाचलेल्या सहीत सगळी मेख ‘तथा’मध्ये आहे. माणूस एक, पदं दोन. पोलीस अधीक्षक कार्यालयातलं काम वेगळं, होमगार्डचं वेगळं. पूर्वी जिल्हा समादेशक म्हणून प्रतिष्ठित नागरिकांनाही नेमत, मानसेवी.

कारण दल मुळात नागरिकांचं. १९४६च्या डिसेंबरात मुंबई दंगलींनी होरपळत होती, मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते, तेव्हा ते उभं राहिलं. ६ डिसेंबर हा वर्धापनदिन. कायदा १९४७चा. पुढे १९६२च्या चीन युद्धानंतर केंद्राच्या सांगण्यावरून देशभर त्याच धर्तीवर दलं उभी राहिली.

कायद्यात ‘बोलावणे’ला फार वजन आहे. समादेशकाने कामावर बोलावलं, की होमगार्डला पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण मिळतं, आणि पोलिसांच्या मदतीला असताना तो पोलीस अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली राहतो. बोलावलं नाही, तर तो तुमच्याआमच्यासारखा नागरिक.

म्हणून ‘नोंदणी’. भरती नोकरीची होते. इथे पगार नाही, कर्तव्य भत्ता आहे, तोही बोलावलेल्या दिवसांचाच. २०२४मध्ये राज्य सरकारने तो दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ केला. बातम्यांत त्यालाच ‘मानधन’ म्हणतात, काही ठिकाणी तर ‘पगारवाढ’ छापून आलं. हे मला खटकतं. पगार म्हटलं की लोकांना वाटतं, यांना दरमहा मिळतंय, रजा आहे, पेन्शन आहे. तसलं काही नसतं.

आणखी एक वाचक : मी होमगार्डच्या तालुका पथकात आहे. वरचं सगळं बरोबर. आमच्या बोलण्यात मात्र समादेशक येतच नाही, ‘कमांडंट साहेब’ म्हणतो. कवायतीला ‘परेड’, आणि काम कुठलंही असो, शब्द एकच, ‘बंदोबस्त’. निवडणूक, गणपती, दहावीची परीक्षा. विसर्जनाच्या रात्री खाकी घालून मिरवणुकीचा दोर धरून उभे असतो तेव्हा लोक ‘ओ पोलीस’ म्हणूनच हाक मारतात. सकाळी घरी येऊन पुन्हा शेतात किंवा दुकानात. ‘निष्काम सेवा’ हे आमचं ब्रीद आहे आणि मी ते मनापासून मानतो, पण बंदोबस्त मिळाला नाही तर त्या महिन्यात हातात काही पडत नाही, हेही लोकांना कळावं.

मूळ प्रश्नकर्ती : मग ‘माझा भाऊ होमगार्डमध्ये नोकरीला लागला’ हे चूक?

उत्तर : हो. ‘होमगार्डमध्ये आहे’ म्हणा. सदस्यत्व तीन वर्षांचं असतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं. भावाला ती तारीख लिहून ठेवायला सांगा.