दिवस लांबल्यापासून मुले वेळेवर झोपत नाहीत. खेळाची वेळ शेजाऱ्यांनी मिळून ठरवावी का?

दोघांची आई:

नमस्कार. आमच्या वसाहतीत सहा ते बारा वयाची पंधरा-सोळा मुले आहेत आणि ती रोज संध्याकाळी इमारतीखाली एकत्र खेळतात. थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडत असल्यामुळे कोणाला हाक मारावी लागत नसे. दिसेनासे झाले की मुले आपोआप घरी परतत. झाडांना पालवी फुटली तसा उजेड लांबत गेला, आणि आता खेळ केव्हा संपवायचा हे सांगणारे कोणीच उरले नाही. काही घरांत मुलांना जेवणानंतर पुन्हा खाली जाण्याची मुभा आहे, काही घरांत नाही, आणि त्यामुळे जो लवकर वर येतो त्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते.

माझा धाकटा सहा वर्षांचा आहे. पूर्वीप्रमाणे साडेआठला त्याला अंथरुणावर घातले, तरी खाली लपाछपी चालूच असते. ज्याच्यावर राज्य आहे तो मोठ्याने आकडे म्हणतो आणि माझा मुलगा पांघरुणात डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत, त्याच्याबरोबर शंभरपर्यंत मोजत राहतो. दहाच्या आधी त्याला झोप लागत नाही. सकाळी एक मोजा चढवून दुसरा हातात धरून तो तसाच बसून राहतो, आणि ओरडले की रडतो. मोठी नऊ वर्षांची आहे. ती रडत नाही, पण उलट उत्तरे देते. सासऱ्यांचे म्हणणे असे की, उजेड आहे तोवर मुले खेळणारच आणि शाळा सुरू असली म्हणून ऋतू थांबत नाही. त्यांचेही मला अगदी चूक वाटत नाही.

सर्व घरांनी मिळून एक वेळ ठरवावी असे मी सुचवणार आहे. कोणी असे केले आहे का? त्यातून संबंध बिघडतात का?

तिघांचा बाबा:

आम्ही केले होते आणि ते फसले, म्हणून सविस्तर लिहितो. जिन्याजवळ वेळ लिहिलेला कागद लावला. आठवड्याभरात त्याचे दोन परिणाम दिसले. ज्या पालकांना कामावरून यायलाच उशीर होतो, त्यांच्या मुलांचा खेळ सुरू होण्याआधीच संपू लागला, आणि त्या पालकांना कागद आपल्यालाच उद्देशून लावला आहे असे वाटले. दुसरा परिणाम अधिक वाईट होता. मुले एकमेकांच्या चहाड्या करू लागली. कोण किती वाजता वर गेला याचा हिशेब दारोदार पोहोचू लागला. शेवटी कागद कोणी काढला हे आजतागायत कळलेले नाही, आणि मी विचारलेही नाही.

नंतर लक्षात आले ते असे की, खेळ सर्व मुलांमुळे चालत नाही. दोन किंवा तीन मुले अशी असतात की ती उठली की बाकीच्यांचा रस संपतो. आमच्याकडे त्या दोन बहिणी होत्या. त्यांच्या आईशी मी मोघम न बोलता सरळ बोललो की, तुमच्या मुली वर गेल्या की आमचा मुलगा मुकाट्याने येतो, तेव्हा तुमची सोय पाहून काही करता येईल का. तिने वीस मिनिटे अलीकडे घेतली आणि प्रश्न निम्म्याहून अधिक सुटला. पंधरा घरांची बैठक घेण्यापेक्षा एका घराचा जिना चढणे सोपे जाते.

बालविभागातील परिचारिका:

ताई, वेळ ठरवण्याच्या वादात पडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलगा हट्टाने जागा राहत आहे असे समजू नका. अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर झोपेची तयारी करते. संध्याकाळचा उजेड ती वाढ लांबवतो. मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ असल्याने हा परिणाम मोठ्यांपेक्षा त्यांच्यावर जास्त होतो. म्हणजे उजेडातून थेट अंथरुणात गेलेल्या मुलाला झोप न येणे हे अगदी स्वाभाविक आहे.

6 ते 12 वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी असे झोपतज्ज्ञांच्या शिफारशीत सांगितले आहे. तुमचा मुलगा दहाला झोपून साडेसहाला उठत असेल, तर ती झोप साडेआठ तासांचीच होते. मोजा हातात धरून बसणे आणि उलट उत्तरे देणे ही दोन्ही अपुऱ्या झोपेची लक्षणे असू शकतात. मोठ्यांना झोप कमी पडली की ती पेंगतात. मुले पुष्कळदा चिडचिडी आणि अतिचंचल होतात, म्हणून आपल्याला ती थकली आहेत हे ओळखू येत नाही.

उपाय सकाळपासून सुरू करावा. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फारशी बदलू नये, आणि उठल्याबरोबर त्याला खिडकीजवळ किंवा बाहेर उजेडात न्यावे. सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ अलीकडे सरकवतो. झोपण्याच्या साधारण तासभर आधी जाड पडदे ओढून दिवे मंद करावेत आणि पडद्याची फट बुजवावी, कारण लहान मुलासाठी ती फट पुरेशी असते. दहाचे एकदम साडेआठ करू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे मागे आणा.

मात्र बाहेरचा खेळ कमी करू नका, ही कळकळीची विनंती. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटे जादा बाहेर नेण्याचा तीन वर्षांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. जादा वेळ बाहेर राहिलेल्या मुलांत लघुदृष्टीचे (म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचे) प्रमाण 30.4 टक्के, तर इतरांत 39.5 टक्के आढळले. घरातील दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, बाहेर दिवसा तो दहा हजारांच्या पुढे सहज जातो, आणि डोळ्यांच्या वाढीला तो मानवतो. तेव्हा खेळ काढून घेण्याऐवजी तो अलीकडे सरकवा; शाळेतून आल्यावर आधी खेळ आणि मग अभ्यास, असा क्रम उलटा करून पाहा.

ॲलर्जी असलेल्या मुलीची आई:

विषयाला जोडूनच एक विचारते. मुलगा रात्री तोंड उघडे ठेवून झोपतो का, किंवा तळहाताने नाक वरच्या दिशेने चोळतो का? माझी मुलगी ऋतू बदलला की रात्र रात्र कूस बदलायची आणि मी खेळाला दोष देत बसले. ते परागकणांमुळे होते. ताप नाही, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांना खाज, आणि हे सर्व आठवडेच्या आठवडे. सर्दी इतकी टिकत नाही. खेळून आल्यावर कपडे बदलून केसांसकट आंघोळ घालू लागलो आणि डॉक्टरांनी दिलेले औषध सुरू केले, तेव्हा तिच्या रात्री सुधारल्या. तुमच्याकडे तसे नसेल तर उत्तमच.

चार नातवंडांची आजी:

सासऱ्यांची बाजू घेणारे कोणीतरी हवे, म्हणून लिहिते. आमच्या लहानपणी घड्याळ कोणाच्याच हातात नसे. कोणत्या तरी एका घराच्या दारातून हाक यायची, आणि ती एका मुलाला असली तरी सगळ्यांनाच लागू पडायची. ज्या बाईने हाक मारली ती आपली आई नाही म्हणून थांबावे, असे आमच्या मनातही येत नसे. आज दुसऱ्याच्या मुलाला 'आता घरी जा बाळा' म्हणायलाही भीड वाटते, कारण त्याची आई काय म्हणेल हे आपल्याला ठाऊक नसते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. उजेड तर दरवर्षीच लांबतो.

तुम्ही वेळ ठरवू नका, हाक ठरवा. रोज एका घरातील मोठे माणूस खाली बसेल आणि निघताना सर्वांना एकदाच हाक मारेल, एवढेच सर्वांनी मान्य करावे. ज्यांना उशिरा येऊन आपल्या मुलाबरोबर थांबायचे आहे, त्यांनी खुशाल थांबावे. त्या मुलाजवळ त्याचे माणूस असते, त्यामुळे इतर मुलांना त्यात अन्याय वाटत नाही. शिवाय खाली बसणाऱ्याला चार माणसे भेटतात, हा वरचा लाभ.

दोघांची आई:

सर्वांचे आभार. मधल्या बारा दिवसांत काय झाले ते सांगते.

परागकणांची शंका मी तपासली. नाक चोळणे वगैरे काही नाही. पडद्याच्या फटीवर जुनी चादर लावली आहे, खोली आता खरोखर काळोखी होते. अभ्यास खेळानंतर ठेवल्याने मोठी खूश आहे, अभ्यास मात्र घाईत होतो आणि त्यावरून आमचे दोनदा वाजले. झोपेची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणत आम्ही नऊपर्यंत पोहोचलो आहोत, त्याच्या अलीकडे अजून जमलेले नाही.

बैठक घेतली नाही. तिसऱ्या मजल्यावरील दोन मोठ्या मुलांच्या घरी जाऊन बोलले आणि आजींनी सुचवलेल्या हाकेची कल्पनाही तिथेच मांडली. त्या घरच्या आजोबांनी पहिली पाळी स्वतःहून घेतली. सध्या पाच घरे पाळीत आहेत. एका घराने स्पष्ट नकार दिला, त्यांची मुले अजूनही उशिरापर्यंत खाली असतात, पण दोघांत लपाछपी रंगत नाही हे त्यांच्याही लक्षात येऊ लागले असावे.

परवा माझी पाळी होती. दुसऱ्यांच्या मुलांना हाक मारताना आवाज चोरटा निघाला आणि कोणी हललेच नाही. तेव्हा धाकटा माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने मोठ्याने एकपासून मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत येता येता सगळी पांगली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हाक मारायची की नाही, यावर मात्र पाच घरांत अजून एकमत झालेले नाही.